बाबलदादांची पंधरा तारीख

बाबल तांडेल यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते शाळेच्या पडवीत बसून पृथ्वीचा गोल पुसत होते. पुसत होते कसले, न्हाऊ घालत होते. आधी ओलं फडकं, मग कोरडं, मग खांद्यावरच्या पंच्याचं टोक बोटाला गुंडाळून दोन्ही ध्रुव. मी वेंगुर्ल्याची, नुकतीच बी. ए. झालेली, आचऱ्याजवळच्या या गावातल्या हायस्कुलात भूगोल आणि इंग्रजी शिकवायला आलेली पहिलीच बाई. माझ्याकडे एकदा नीट बघून ते उठले आणि गोल माझ्या हातात देत म्हणाले, "भूगोल तुमी शिकवतालात मा? मगे ह्यो आता तुमच्या ताब्यात. हय जरा सांबाळा." त्यांचं बोट फ्रान्सच्या डाव्या अंगाच्या समुद्रावर टेकलं होतं. "हय मी दोन खेपे बुडता बुडता वाचलंय."

हे १९५३ साल. बाबलदादा शाळेचे शिपाई. पन्नाशीच्या आसपासचे, ठेंगणे, छातीने रुंद, आणि मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे जुने पांढुरके डाग. तरुणपणची पंधरा-सोळा वर्षं, १९३६पर्यंत, त्यांनी आगबोटींवर आगवाला म्हणून काढली होती. आगवाला म्हणजे बोटीच्या पोटात उभं राहून बॉयलरमध्ये फावड्याने कोळसा टाकणारा माणूस. जगातली निम्मीअधिक बंदरं त्यांनी पाहिली होती, पण प्रत्येक बंदर पाळी संपल्यावर वर येऊन, तासाभरापुरतं. त्यामुळे त्यांचा भूगोल त्यांच्या खास पद्धतीचा होता. पोर्ट सैद म्हणजे माश्या. लंडन म्हणजे ओला कोळसा. हाम्बुर्ग म्हणजे फळीसारखा पाव, पण माणसं बरी.

त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं आणि त्याची त्यांना खंतही नव्हती. मात्र छापलेल्या कागदाविषयी त्यांना विलक्षण आदर. वाण्याकडून पुडीला आलेला वर्तमानपत्राचा तुकडा ते पायदळी जाऊ देत नसत. पोरांच्या फाटक्या पुस्तकांची पानं गोळा करून एका डब्यात ठेवत. मी एकदा विचारलं, हे कशाला? म्हणाले, "छापलेला आसा, बाईनू. कोणीतरी बगून, इचारून छापला असात." मी हसले. त्या आदराने पुढे काय होणार आहे हे मला तेव्हा कळलं असतं तर तो डबा मीच विहिरीत टाकला असता.

वय, लग्न, वादळ, सगळं ते एकाच वर्षापासून मोजत. "खेळाचा वर्स." मोठा मुलगा खेळाच्या वर्षाच्या आदल्या मिरगातला. घरामागचा फणस खेळाच्या वर्षानंतर दोन वर्षांनी लावलेला. हे वर्ष म्हणजे १९३६. त्या वर्षी त्यांची बोट उन्हाळ्यात लंडनच्या गोदीत लागली तेव्हा आपली क्रिकेटची टीम तिथे येऊन हरत होती, आणि गोदीतले गोरे मजूर बाबलदादांना त्यावरून चिडवत होते. "माका क्रिकेट म्हणजे काय ताच म्हायत नाय, आणि मी हरलंय!" असं ते सांगत. पुढे बोट बॉयलरच्या दुरुस्तीसाठी हाम्बुर्गला तीन आठवडे अडकली. बर्लिनला ऑलिंपिकचे खेळ चालू होते, आणि हाम्बुर्गच्या रस्त्यांत खांबांना कर्णे बांधून त्यांची बातमी दिवसभर ओरडून सांगत होते. भाषा कळत नव्हती. पण एक काळा अमेरिकन गडी रोज सगळ्यांना मागे टाकतोय एवढं बोटीवरच्या आगवाल्यांना समजलं होतं, आणि त्या आनंदात त्यांनी एका रात्री भात जास्त शिजवला होता.

आणि मग हॉकीचा शेवटचा सामना. आपल्या हिंदुस्थानचा, जर्मनांशी. हा त्यांनी प्रत्यक्ष पाहिला होता.

ही गोष्ट दर पंधरा ऑगस्टला, झेंडावंदन झाल्यावर, शाळेच्या पटांगणात व्हायची. हेडमास्तरांचं भाषण संपलं की मुलं चुळबुळ करू लागत आणि कोणीतरी मागून ओरडे, "बाबलदादा, गजाल!" गावातली माणसंसुद्धा गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला, टेकून थांबत. बाबलदादा पुढे येत, टोपी काढत, आणि सुरू करत. त्यांचा आवाज मोठा आणि घुमणारा. देवळात गाऱ्हाणं घालायला त्यांनाच बोलावत. आमच्याकडे देवाला मागणं मागायचं ते सगळ्यांच्या वतीने एकाने मोठ्याने मागायचं आणि बाकीच्यांनी प्रत्येक वाक्याला 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. ते गाऱ्हाणं.

गोष्ट अशी. बर्लिनमध्ये शिकणारा एक मराठी विद्यार्थी देशाहून आलेलं लोणच्याचं पार्सल घ्यायला बोटीवर आला होता. त्याने खलाशांच्या मुकादमाला, म्हणजे सारंगाला, गळ घातली आणि बाबलदादा नि आणखी दोन मालवणी आगवाले यांना एका दिवसाची सुट्टी मिळाली. पहाटेच्या गाडीने बर्लिन. वाटेत विद्यार्थ्याने पाव पुढे केला. "मी म्हटलंय, नको रे बाबा. आज शनवार, माझो मारुतीचो उपास." त्यामुळे तो दिवसभर पाण्यावर. मैदानात पाहतात तो चहूकडे गोरी माणसं, हजारोंनी. आपली माणसं मैदानात अकरा आणि बाहेर विद्यार्थी धरून चार.

"आणि आदीच आमका कळला होता," बाबलदादा आवाज खाली आणत, "थोड्या दिसांपूर्वी ह्याच जर्मनांनी आपल्याक एका खेळात हरवल्यानी हा. म्हटलंय, हय आता माणसाचा काम नाय." मग त्यांनी तिथेच, त्या गर्दीत, हात जोडून गाऱ्हाणं घातलं. ते इथे पुन्हा जसंच्या तसं होई.

"बा देवा म्हाराजा! परक्या मुलकात तुजी चार लेकरां उबी आसत!"

"व्हय म्हाराजा!" सगळं पटांगण.

"फुडे आमचे अकरा गडी आसत, तेंच्या पायात बळ घाल!"

"व्हय म्हाराजा!"

"आज जिकवशीत तर जिता आसय तवसर दर वर्सा ह्याच दिवशी, ह्याच तारखेक, तुज्या गावात उबो रवान ही गजाल चार माणसांत सांगान!"

"व्हय म्हाराजा!"

आजूबाजूच्या जर्मनांना वाटलं हे काहीतरी उत्तेजनाचं गाणं आहे. त्यांनीही टाळ्या वाजवल्या. खेळ सुरू झाला. जमीन ओली होती, गडी घसरत होते. मग आपल्या मुख्य गड्याने बूट काढले आणि तो अनवाणी धावू लागला. इथे बाबलदादा स्वतः धावून दाखवत, आणि मुलं गोल मोजत. आठ! जर्मनांचा एक. मग त्यांचा आवाज पुन्हा खाली येई. "जिकलंव आमी. पण बावटो वर गेलो तो सायबाचो. मी मान वर करून बगलंय, आणि खाली घातलंय. अकरा वर्सांनी देवान तीच तारीख उचलल्यान. पंदरा आगस्ट. म्हणालो, घे बाबल, ह्यो तुजो बावटो." आणि ते झेंड्याकडे हात करत.

खरं सांगायचं तर पहिल्या वर्षी माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुसऱ्या वर्षी आलं नाही. तिसऱ्या वर्षी मला राग येऊ लागला.

त्याचं कारण मी आज लपवत नाही. मुलं माझ्यापेक्षा त्यांचं जास्त ऐकत. मी सुएझचा कालवा शिकवत होते. लांबी, रुंदी, कोणी खणला, सगळं फळ्यावर. बाबलदादा नोटीस घेऊन वर्गात आले, फळ्याकडे पाहिलं आणि सहज म्हणाले, "दोनय बाजूक वाळू, आणि मदी आमची बोट. शेतातसून गाडी जाता तशी. वाळूत एक उंट होतो, तो आमच्याबरोबर चालाक लागलो." परीक्षेत तीस मुलांनी तो उंट लिहिला. मी तीसही जणांचे गुण कापले. हेडमास्तर हसले आणि म्हणाले, "बाई, उंटाला तरी गुण द्या." मी द्यायला हवे होते.

१९५६च्या पावसाळ्यात मुंबईच्या कोणा गावकऱ्याने शाळेला पुस्तकांची एक पेटी पाठवली. तिच्यात बर्लिनच्या त्या खेळांची एक छापील इंग्रजी पुस्तिका होती. कोणता खेळ, कुठे, किती वाजता, सगळं तारखेवार. मी हॉकी शोधली. अंतिम सामना, चौदा ऑगस्ट.

मी ते पान तीनदा वाचलं. मला आनंद झाला होता. माणसाने झेंडावंदनाशी जुळावी म्हणून तारीख एका दिवसाने पुढे ढकलली, गोष्ट रंगवली आणि वर्षानुवर्षं आम्हाला 'व्हय म्हाराजा' म्हणायला लावलं, असा माझा निकाल होऊन गेला. ती पुस्तिका खेळांच्या आधी छापलेली होती. ते वेळापत्रक होतं, इतिहास नव्हता. आमच्या बंदरावरची आगबोट पत्रकात लिहिलेल्या वेळेला कधीही आलेली नाही हे मला ठाऊक होतं. तरी मला तेव्हा ते सुचलं नाही, कारण सुचायला नको होतं.

मी त्यांना बाजूला घेऊन सांगू शकले असते. त्यांची कोळसे झेललेली वर्षं, त्यांचं वय, काहीच माझ्या मनात आलं नाही. त्या पंधरा ऑगस्टला ते उभे राहिले आणि म्हणाले, "आज वीस वर्सां झाली, ह्याच तारखेक," तेव्हा मी शिक्षकांच्या रांगेतून पुढे झाले. हातात पुस्तिका. शाळेत मुलाची चूक दुरुस्त करावी त्या आवाजात म्हणाले, "बाबलदादा, पंधरा नाही. चौदा. हे बघा, छापलेलं आहे."

त्यांनी पुस्तिका हातात घेतली, उलटी धरली, मी ती सरळ करून दिली. माझं बोट त्या ओळीवर होतं.

"चौदा?" त्यांनी विचारलं.

"चौदा."

वाद घालतील, चिडतील, निदान हसण्यावारी नेतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पुस्तिका कपाळाला लावली आणि मला परत दिली. "मगे माजाच चुकला असात," म्हणाले आणि टोपी घालून पडवीकडे गेले. मुलं माझ्याकडे पाहत होती. एका मुलीने मागून विचारलं, "मगे गजाल खोटी, बाई?" मी म्हणाले, "गोष्ट खरी असेल, तारीख चुकली." म्हणताना मला आपण फार न्यायी आहोत असं वाटलं.

मला वाटलं होतं की मी एका बढाईची तारीख बदलली. नवस नावाची वस्तू मला कळलीच नव्हती. ती त्यांच्या बायकोने मला कळवली. आठवड्याने ती माझ्या खोलीवर आली, उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. "बाईनू, तेनी जेवण टाकल्यानी हा. शेवंती माझ्यामुळे गेली म्हणतत."

शेवंती त्यांची मुलगी. सहा वर्षांची असताना तापाने गेली होती. खेळाच्या वर्षानंतर कितीतरी वर्षांनी. औषध, अंगारा, सगळं झालं, ती गेली, आणि का गेली हे त्यांना कधी कळलं नव्हतं. आता कळलं. देवाला दिलेली तारीख त्यांनी चुकवली होती. एकदा नव्हे, वीस वेळा. होडी फुटली ती त्यामुळे. मुलगी गेली ती त्यामुळे. वीस वर्षांचं प्रत्येक दुःख त्या माणसाने काढून माझ्या एका ओळीखाली मांडलं होतं.

मी गेले. समजूत घातली. देव असा रागावत नाही वगैरे, पुस्तकी. ते ऐकून घेत होते. शेवटी म्हणाले, "तुमी शिकलेल्या. तुमका भिया नाय. माका कौल लावून घेवक व्हयो. तुमी येशात? तारीख तुमी काडलात, तुमी हजर रवाक व्हयात."

म्हणून मी देवळात गेले. गुरवाने देवाच्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर पाणी लावून एकेक फुलाची पाकळी चिकटवली. उजवी पडली तर पंधरा, डावी पडली तर चौदा. गुरव म्हणाला, "बा देवा म्हाराजा, बाबल म्हणता पंदरा, शाळेची बाय पुस्तकात बगून सांगता चौदा. खरा काय ता दाखय." आम्ही उभे. बाबलदादांचे ओठ हलत होते. बऱ्याच वेळाने पाकळी सुटली. डावी.

मला बरं वाटलं. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली. शेजारी एक माणूस खाली बसत होता, आणि मला, देवाबिवावर फारसा विश्वास नसलेल्या मला, जिंकल्यासारखं वाटलं.

पुढच्या वर्षापासून बाबलदादा गोष्ट चौदा ऑगस्टला सांगू लागले. त्या दिवशी कुठला आला समारंभ? दुपारच्या सुट्टीत ते पटांगणात उभे राहत, टोपी काढत, सांगत. पहिल्या वर्षी पाच-सात मुलं थांबली. मग भूक लागून तीही गेली. 'व्हय म्हाराजा' म्हणायला कोणी नसे, तेव्हा ते स्वतःच हळू म्हणत आणि पुढे जात. तारीख उचलून देवाने बावटा दिला हा भाग आता नव्हता, तो कसा असणार? मी शिक्षकांच्या खोलीच्या खिडकीतून पाहत असे. एकदाही खाली गेले नाही.

१९५९ साली गणिताचे मास्तर आजारी पडले आणि त्यांचा तास माझ्याकडे आला. कुठल्याही तारखेचा वार कसा काढायचा ते मी मुलांना शिकवत होते. मुलं आपापल्या जन्मतारखा काढत होती. मी फळ्याकडे तोंड करून, का कोण जाणे, पंधरा ऑगस्ट १९३६ घेतली.

शनिवार.

पुन्हा केलं. शनिवार. चौदा म्हणजे शुक्रवार. आणि बाबलदादांचा त्या दिवशी मारुतीचा उपास होता. दर वर्षी, साऱ्या गावासमोर, त्यांनी तो पाव नाकारला होता. ओली जमीनही त्यांनी दर वर्षी सांगितली होती. पुरावा त्यांच्या गोष्टीत पहिल्या दिवसापासून होता. दोन मिनिटांचा हिशेब, आणि तो मला येत होता. मी फळा पुसला.

मुंबईच्या एका मैत्रिणीला पत्र टाकलं. तिने ग्रंथालयात जुनी वर्तमानपत्रं पाहिली आणि उलट टपाली कळवलं: चौदा तारखेला पावसाने मैदान भिजलं म्हणून सामना दुसऱ्या दिवशी, शनिवारी पंधराला झाला. पाऊस! आमच्या किनाऱ्यावर राहून मला पावसाची शंका आली नव्हती.

ते पत्र मी दोन वर्षं पेटीत ठेवलं.

का ठेवलं, याची मी स्वतःला बरीच कारणं दिली. आता कौल झाला आहे, देवच खोटा ठरला तर या माणसाचं काय होईल? जखम भरत आली आहे, कशाला खपली काढा? ही कारणं वाईट नव्हती. पण मी ती शोधत होते, ती माझ्याकडे आली नव्हती. खरं कारण एवढंच की मला 'माझी चूक झाली' असं एका शिपायाला म्हणायचं नव्हतं.

१९६१च्या उन्हाळ्यात त्यांच्या मोठ्या मुलाला मुलगी झाली. नाव शेवंती ठेवलं. बारशाला मी गेले होते. सगळ्यांनी बाळाला घेतलं, मीही घेतलं. बाबलदादा पाळण्यापासून चार हात दूर, खांबाला धरून उभे. सून म्हणाली, "मामंजी हातच लावणत नाय. बारा दिवस झाले." मी त्यांच्याकडे पाहिलं. ते हलक्या आवाजात म्हणाले, "माजो हात नको, बाईनू. चार वर्सां बरोबर दिवशी सांगतंय, पण आदल्या वीसांचा काय? एक शेवंती गेली हा."

त्यानंतर मात्र मला झोप लागेना. जुलैत एके दिवशी शाळा सुटल्यावर ते पडवीत बाकं लावत होते. मी म्हणाले, "बाबलदादा, तुमची तारीख बरोबर होती. पंधराच."

ते बाक हातात धरून थांबले. "पुस्तकात चौदा आसा."

"पुस्तक खेळांच्या आधी छापलं होतं. चौदाला पाऊस पडला. खेळ दुसऱ्या दिवशी झाला. शनिवारी. तुमचा उपास होता ना?"

"शनवार," ते म्हणाले. मग बाक खाली ठेवून, "मगे शेवंतेचा?"

"शेवंतीचा तुमच्या नवसाशी काही संबंध नव्हता. तुम्ही एकही वर्ष चुकला नव्हता. मी चुकले होते."

ते बाकावर बसले. पाच वर्षांत, नव्हे त्या शाळेतल्या साऱ्या वर्षांत, मी त्यांना बाकावर बसलेलं पाहिलं नव्हतं. पंचा तोंडावर धरून ते रडले. मला वाटत होतं त्यांनी मला चार शब्द सुनवावेत. त्यांनी डोळे पुसून विचारलं, "तुमका कदी कळला?"

"काल," मी म्हणाले. "काल मुंबईहून पत्र आलं."

"काल पत्र इला आणि आज धावत सांगूक इल्यात," ते म्हणाले. "देव तुमचा बरा करतलो."

मी ते खोटंही दुरुस्त केलं नाही.

मग त्यांच्या कपाळावर आठी आली. "पण मगे देवान चौदा कित्या दिल्यान?"

याचं उत्तर मी तयार ठेवलं होतं. पाणी कमीजास्त लागतं, वारा येतो, पाकळी पडायची तिकडे पडते. मी तोंड उघडलं तेवढ्यात त्यांचा चेहरा मोकळा झाला. "कळला माका," ते म्हणाले. "तुमी नवी बाई. ह्या शाळेत पयलीच बाई. सगळ्या गावासमोर पुस्तक उगडून बोललात. तुमचो शब्द खाली पडलो असतो तर पोरां तुमका जुमानली असती? देवान तुमचो मान राखल्यान. माजो काय, मी घरचोच माणूस. माका थोडो वेळ थांबयल्यान."

मला तिथे उभं राहवेना. म्हणाले, "या पंधराला मी सगळ्यांसमोर सांगते. चूक माझी होती."

"नको," ते एकदम कडक आवाजात म्हणाले. हा आवाज मी ऐकला नव्हता. बोटीच्या पोटात माणसं अशी बोलत असतील. "देवान राखल्यान ता तुमी घालवू नकात. गुरवाकय सांगू नकात, तेचो कौल खोटो पडात. माका कळला, माझा झाला. चौदाक मोट्यान सांगान, पंदराक मनात सांगान. देवाक दोनय आयकाक येतत."

मी आणखी एकदा तरी आग्रह करायला हवा होता. मी केला नाही. मला सुटल्यासारखं झालं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते नातीला खांद्यावर घेऊन शाळेत आले. दिवसभर ती त्यांच्या खांद्यावर होती, आणि हेडमास्तर काही बोलले नाहीत. पुढल्या वर्षी बाबलदादा निवृत्त झाले. माझी बदली वेंगुर्ल्याला झाली. १९६४च्या भाद्रपदात ते गेल्याचं मला पोस्टकार्डाने कळलं. त्या कार्डावर त्यांच्या मुलाने लिहिलं होतं की शेवटपर्यंत बाबा तुमची आठवण काढत, शाळेतली सर्वांत शहाणी बाई म्हणत.

पण मला ते दिसतात ते १९६१च्या झेंडावंदनाला. पाऊस नव्हता, ऊन होतं. हेडमास्तरांचं भाषण झालं. त्या वर्षी पाचवीत आलेली नवी पोरं पुढे बसली होती. त्यांनी घरी मोठ्या भावंडांकडून ऐकलं असणार. त्यांतला एक उठून ओरडला, "बाबलदादा, गजाल सांगा!"

बाबलदादा खांबाजवळ उभे होते. "गजाल काल झाली रे. चौदा तारखेक सांगतंय मी."

"पण माजो बापूस म्हणता, खेळ पंदराकच झालो! तेणी तुमच्याच तोंडून आयकल्यान हा."

"तुज्या बापाशीक काय कळता? तेव्हा माका म्हायत नव्हता," ते हसत म्हणाले. "बाईंका इचार. बाईंनी पुस्तकात बगल्यानी हा."

सगळी मुलं माझ्याकडे वळली. शिक्षक वळले, गडग्याला टेकलेली माणसं वळली. बाबलदादांनीही पाहिलं. भिऊ नका, असं सांगणारी त्यांची नजर होती.

"चौदा," मी म्हणाले.